‘पहिला पाठवणारा’ : एका सरकारी नियमाचं वाचन

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा या गावी, जमावानं पाच माणसांना ठार मारलं. ती नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातली होती. बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातून आलेले. आठवडी बाजाराचा दिवस होता. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा त्या भागात व्हॉट्सअ‍ॅपवरून पसरलेली होती. जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडलं आणि तिथं जीव जाईपर्यंत मारलं. त्या मारहाणीचं चित्रणही मोबाईलवरूनच सगळीकडे पोचलं.

त्याच पावसाळ्याच्या तोंडाशी तसाच एक मेसेज आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आला होता. ‘टोळी आली आहे, मुलांना एकटं सोडू नका.’ मी तो वाचला, खरा वाटला नाही, आणि तरी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पाठवला. वर एक ओळ लिहिली : ‘खरं-खोटं माहीत नाही, पण काळजी घ्या.’ आमच्या सोसायटीत काही घडलं नाही. राईनपाड्याची बातमी वाचली तेव्हा मात्र मी फोन उघडून तो मेसेज पुसून टाकला. कुणाला दिसू नये म्हणून की मलाच दिसू नये म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही.

हे आधीच सांगून टाकलं, कारण पुढे ज्या नियमाविषयी लिहायचं आहे तो माझ्यासारख्या माणसाविषयी आहे. २५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारनं माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली मध्यस्थांसाठी नवे नियम जाहीर केले. त्यांतल्या चौथ्या नियमाचा दुसरा उपनियम म्हणतो की, ज्या मोठ्या समाजमाध्यम कंपन्या मुख्यतः निरोपांची देवाणघेवाण करून देतात, त्यांनी आदेश आल्यावर एखाद्या माहितीचा ‘फर्स्ट ओरिजिनेटर’, म्हणजे ती पहिल्यांदा पाठवणारा माणूस, शोधून देता येईल अशी सोय ठेवली पाहिजे. ‘मोठी’ म्हणजे भारतात ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेली कंपनी. २०१८च्या अफवाबळींनंतर सरकार व्हॉट्सअ‍ॅपकडे जी मागणी करत होतं, तिला या उपनियमानं कायद्याचं रूप मिळालं. मे २०२१मध्ये व्हॉट्सअ‍ॅपनं त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं.

या नियमावर वकिलांनी आणि तंत्रज्ञांनी पुष्कळ लिहिलं आहे. मला तो एक संहिता म्हणून वाचायचा आहे, जशी आपण एखादी कथा वाचतो : यात बोलतंय कोण, कुणाविषयी, आणि गोष्टीतून गाळलंय कुणाला?

*

नियमाच्या बाजूनं जे सांगता येईल ते आधी सांगू. आदेश न्यायालयाचा किंवा कायद्यानं ठरवलेल्या अधिकाऱ्याचाच हवा. कमी घुसखोरीच्या मार्गानं काम होत असेल तर असा आदेश काढता येत नाही. मजकूर उघड करायला कंपनीला सांगितलेलं नाही, फक्त पाठवणारा सांगायचा आहे. गुन्हेही गंभीर आहेत : देशाची सुरक्षा, बलात्कार, मुलांचं लैंगिक शोषण. याच यादीत ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हा सैल शब्दही बसलेला आहे, हे खरं. पण मसुदा लिहिणारा बेफिकीर नव्हता.

अडचण ‘पहिला’ या शब्दात आहे. त्या काळात देशभर फिरलेली एक चित्रफीत आठवा : मोटरसायकलवरून दोघं येतात, रस्त्यावरच्या मुलाला उचलतात आणि निघून जातात. ती मुळात कराचीतली होती. मुलांच्या सुरक्षेसाठी केलेल्या जनजागृतीच्या फिल्मचा तो तुकडा. मूळ फिल्ममध्ये ते दोघं मुलाला परत आणून सोडतात आणि शेवटी पालकांसाठी संदेश येतो. कुणीतरी तो शेवट कापला, आणि मुलं जपा म्हणून सांगणारी फिल्म माणसं मारायला कारण झाली.

आता या चित्रफितीचा पहिला पाठवणारा कोण? कराचीतला दिग्दर्शक? शेवट कापणारा? त्याखाली ‘आपल्या जिल्ह्यात टोळी आली आहे’ असं लिहिणारा? नियमाला ही अडचण दिसली होती. म्हणून त्यात एक तरतूद आहे : पहिला पाठवणारा भारताबाहेर असेल, तर भारतात ज्यानं ती माहिती पहिल्यांदा पाठवली त्यालाच ‘पहिला’ मानलं जाईल. ‘मानलं जाईल’ हे महत्त्वाचं. कायद्याला अशा कल्पित गोष्टी लागतात, त्यात नवं काही नाही. पण इथं नियम स्वतःच कबूल करतो की, ज्याला तो पहिला म्हणतोय तो पहिला नाही. तो नुसता हाताला लागलेला पहिला माणूस आहे. कदाचित माझ्यासारखा, वर ‘काळजी घ्या’ लिहिणारा.

मराठी वाचकाला हा प्रश्न अनोळखी नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रती हातोहात उतरवल्या जाताना पाठ बदलत गेले, म्हणून एकनाथांनी शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, पाठशुद्धी केली. त्यानंतरही मूळ पाठ कोणता, हा वाद संपला नाही. तुकोबांच्या गाथेचीही तीच कथा. तोंडोतोंडी आणि हातोहात जाणाऱ्या मजकुराला प्रत्येक हात काही ना काही जोडतो. ओवी असो की अफवा, ती सांगणाऱ्यागणिक नवी होते. गावाचं नाव बदलतं, मुलांची संख्या वाढते, ‘माझ्या मावसभावानं पाहिलं’ हे वाक्य येऊन चिकटतं. यातला प्रत्येक बदल संगणकाच्या दृष्टीनं नवा मजकूर असतो. मजकुराचा ठसा जुळवून शोध घ्यायचा म्हटलं, तर एक अक्षर बदललं की ठसा बदलतो आणि साखळी तुटते. मेसेज पुढे न ढकलता नक्कल करून नव्यानं चिकटवला, तरी तेच. म्हणजे ज्याला खरोखर लपायचं आहे तो सहज लपेल. जो भाबडेपणानं जसाच्या तसा पुढे पाठवेल, तो सापडेल.

*

आमच्या लहानपणी घरात पत्रांचे तीन प्रकार असत. पोस्टकार्ड सगळ्यांचं होतं. पोस्टमन ते वाचत असे, ज्या घरात कुणाला वाचता येत नसे तिथं मोठ्यानं वाचूनही दाखवत असे. कोपरा फाडलेलं कार्ड आलं की वाचायच्या आधीच घर रडायला लागे. अंतर्देशीय पत्र डिंकानं बंद असे, पण बाजूनं डोळा लावणारे चुलतभाऊ होते. पाकीट मात्र ज्याचं त्यानंच उघडायचं. हा भेद कुठल्या कायद्यानं शिकवलेला नव्हता.

सरकारला पाकीट उघडण्याचा अधिकार तेव्हाही होता. १८८५चा तार कायदा आणि १८९८चा टपाल कायदा, दोन्हींत संकटप्रसंगी किंवा सार्वजनिक सुरक्षेसाठी निरोप अडवण्याची तरतूद होती. इंग्रज गेले, तरतूद राहिली. १९८६मध्ये टपाल कायद्यातला हा अधिकार आणखी रुंद करणारं विधेयक संसदेनं मंजूर केलं, तेव्हा राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सहीच केली नाही. आता दोन्ही जुन्या कायद्यांची जागा २०२३मध्ये मंजूर झालेल्या नव्या कायद्यांनी घेतली आहे, आणि अडवण्याचा अधिकार दोन्हींत आहे.

मग नव्या नियमात वेगळं काय? जुन्या कायद्यात संशय आधी येई आणि पाकीट नंतर उघडलं जाई. एक माणूस, एक पत्ता, एक आदेश. व्हॉट्सअ‍ॅपवर एप्रिल २०१६पासून निरोप पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये कुलूपबंद होतो आणि ज्याला पाठवला त्याच्याच फोनमध्ये उघडतो. मधल्या कंपनीकडे किल्ली नसते. अशा व्यवस्थेत ‘पहिला कोण’ हे नंतर शोधता यायला हवं असेल, तर प्रत्येकाच्या प्रत्येक निरोपाची काहीतरी खूण आधीपासूनच नोंदवून ठेवावी लागेल. उद्या कुठल्या निरोपाची चौकशी होईल हे आज कुणाला ठाऊक? म्हणजे नोंदवहीत फक्त राईनपाड्याची अफवा राहणार नाही. बहिणीनं डॉक्टरांच्या रिपोर्टबद्दल विचारलेलं, शेतकऱ्यानं सावकाराला लिहिलेलं, वार्ताहराला त्याच्या माहितगारानं पाठवलेलं, सगळ्यांची खूण राहील. मजकूर उघडणार नाही, हे नियमाचं आश्वासन इथं अपुरं पडतं. एखाद्या कार्यालयातला गैरव्यवहार बाहेर काढणाऱ्या कारकुनाला त्याच्या मजकुराची भीती नसतेच. मजकूर तर त्याला छापून यायला हवा असतो. त्याला भीती असते ती आपलं नाव सापडण्याची.

यावर उत्तर तयार असतं : कंपन्या काय साधू आहेत? नाहीत. कुलूप लावणारी हीच कंपनी आपण कुणाशी, कधी, किती वेळा बोललो याचा हिशेब ठेवू शकते. व्हॉट्सअ‍ॅपनं २०२१मध्ये गोपनीयतेच्या अटी ज्या पद्धतीनं लोकांच्या गळ्यात मारल्या, त्याबद्दल स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर २०२४मध्ये मेटाला २१३ कोटी रुपयांचा दंड केला. म्हणजे कंपनीला वेसण घालणारी कलमं लिहिता येतात. त्यासाठी आपल्या सगळ्यांच्या निरोपांची नोंदवही ठेवावी लागत नाही.

अफवेचा वेग कमी करायलाही ती लागत नाही. जुलै २०१८मध्ये व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली आणि त्यावर ‘फॉरवर्डेड’ असा शिक्का मारायला सुरुवात केली. एप्रिल २०२०मध्ये फार फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. त्यामुळे अशा निरोपांचं प्रमाण ७० टक्क्यांनी घटलं, असं कंपनीचं म्हणणं आहे. आकडा कंपनीचा आहे, तो तसाच घ्यावा. पण उपायाचं स्वरूप पाहा. कुणाचंही पाकीट न उघडता अफवेची चाल मंद केली. सरकारी दडपणाशिवाय हे घडलं नसतं, म्हणून याचं निम्मं श्रेय सरकारलाही दिलं पाहिजे. दडपण योग्य जागी होतं.

*

एखादा मजकूर अफवा आहे, हे ठरवणार कोण, हा पुढचा प्रश्न. एप्रिल २०२३मध्ये याच नियमांत दुरुस्ती झाली : केंद्र सरकारच्या कामकाजाबद्दलची खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती कोणती, हे सरकारनंच नेमलेला सत्यशोधन कक्ष सांगेल. मुंबई उच्च न्यायालयात जानेवारी २०२४मध्ये दोन न्यायमूर्तींची मतं विरुद्ध पडली. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी दिलेल्या मतानं ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरली. ती टिकली असती, तर ‘खोटं काय’ आणि ‘पहिला कोण’ ही दोन्ही वाक्यं एकाच हातानं लिहिली गेली असती.

आणि आता गाळलेल्या पात्राकडे येऊ. राईनपाड्याच्या गोष्टीत पोलीस, महसूल यंत्रणा, जिल्हा प्रशासन ही पात्रं कुठं आहेत? मृत्यू झाले ते भरदिवसा, सरकारच्याच सर्वांत खालच्या पायरीवर, ग्रामपंचायतीच्या खोलीत. अफवा आदल्या रात्रीच जन्मलेली नव्हती. १७ जुलै २०१८ रोजी, राईनपाड्यानंतर सोळा दिवसांनी, सर्वोच्च न्यायालयानं तहसीन पूनावाला यांच्या याचिकेवर निकाल देताना झुंडबळींबाबत निर्देश दिले : प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी नेमा, जिथं अशा घटना घडू शकतात ती ठिकाणं हेरा, जमाव पांगवा, कुचराई करणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई करा, खटले जलदगती न्यायालयात चालवा. ही यादी आणि २०२१चा नियम शेजारी ठेवून वाचावेत. निर्देशांमधल्या जवळजवळ प्रत्येक वाक्याचा कर्ता सरकार आहे. नियमात कर्ता कंपनी आहे, कर्म आपण सगळे आहोत, आणि सरकार फक्त आदेश काढायला येतं. एकाच शोकांतिकेतून निघालेल्या दोन संहिता. दुसरीत ज्याच्यावर जबाबदारी होती तोच वाक्यातून बाहेर पडला.

सरकारी मराठी ज्यांनी वाचली आहे त्यांना ही सवय ठाऊक आहे. ‘कार्यवाही करण्यात यावी’, ‘माहिती उपलब्ध करून देण्यात यावी’, ‘दक्षता घेण्यात यावी’. कुणी, हे कधीच नसतं.

*

हीच कसोटी मुलांसाठीच्या नियमांना लावून पाहता येते. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचं भाषेसाठी कौतुक झालं, कारण त्यात व्यक्तीसाठी इंग्रजीतलं स्त्रीलिंगी सर्वनाम वापरलं आहे. पण हा कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला ‘मूल’ म्हणतो आणि तिची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. त्याच कलमात एक चांगला भाग आहे : मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायची नाही, त्यांना हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत, मोडलं तर २०० कोटी रुपयांपर्यंत दंड. इथं कर्ता कंपनी आहे आणि बंधनही तिच्यावरच आहे. संमतीच्या भागात मात्र पुन्हा तोच घोळ. मूल कोण हे ओळखायचं तर मूल नसलेल्यांनाही आपण मूल नाही हे दाखवावं लागणार. आणि सतरा वर्षांच्या ज्या मुलीला घरच्यांनीच ठरवलेल्या लग्नाबद्दल कुणाला तरी विचारायचं आहे, तिनं संमती घरच्यांकडेच मागायची?

ऑस्ट्रेलियानं १० डिसेंबर २०२५पासून सोळा वर्षांखालच्यांना समाजमाध्यमांवर खातं बंद केलं. दंड कंपनीला, मुलाला किंवा पालकाला नाही, आणि खाजगी निरोपाची साधनं त्यातून वगळली आहेत. वय तपासण्याचा प्रश्न तिथंही सुटलेला नाही. पण निदान मूल काय लिहितं हे त्या कायद्याला वाचायचं नाही.

शाळेतल्या फोनबद्दल दिल्ली उच्च न्यायालयानं २०२५मध्ये सांगितलं की सरसकट बंदी योग्यही नाही आणि शक्यही नाही. फोन शाळेत आल्यावर जमा करावा, वर्गात वापरू नये, शिक्षक-पालकांशी बोलून धोरण ठरवावं. हे साधं आहे, आणि साधं आहे म्हणूनच पाळता येण्यासारखं आहे.

आपल्याकडचं उदाहरण सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातलं. मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२च्या स्वातंत्र्यदिनापासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की टीव्ही आणि मोबाईल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, बोलायचं. साडेआठला तो पुन्हा वाजतो आणि बंदी संपते. टाळेबंदीत ऑनलाइन शाळेनं मुलांच्या हाती फोन दिला आणि शाळा सुरू झाल्यावर तो सुटेना, यातून हे निघालं. आधी गावातल्या बायकांची सभा झाली. सुरुवातीला आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघरी गेले.

या भोंग्याचं मी आंधळं कौतुक करणार नाही. गावाच्या डोळ्याला पाळतीची गरज नसते, तो स्वतःच पाळत असतो. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या सूरज गावानं २०१६मध्ये अविवाहित मुलींना मोबाईल वापरायला बंदी केली आणि २,१०० रुपये दंड ठेवला. तीही गावानंच केलेली बंदी, तीही मुलांच्या ‘भल्यासाठी’. वडगाव आणि सूरज यांतला फरक फोनबद्दलचा नाही. वडगावात सरपंचाचाही फोन बंद होतो, बापाचाही. सूरजमध्ये बंदी करणारे एक आणि बंदी सोसणाऱ्या दुसऱ्या. शिवाय वडगावचा नियम सगळ्यांना ऐकू येतो, कुणाच्या फोनमध्ये शिरत नाही, आणि दीड तासानं संपतो. चौथ्या नियमातल्या त्या नोंदवहीला साडेआठचा भोंगा नाही. एकदा खूण ठेवायला सुरुवात झाली की कधी थांबायचं, हे त्यात कुठंही लिहिलेलं नाही.

*

एप्रिल २०२४मध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या वकिलांनी दिल्ली उच्च न्यायालयाला सांगितलं की, कुलूप तोडायला लावलं तर ही सेवा इथून जाईल. ब्रिटननं २०२३च्या कायद्यात निरोप तपासण्याचा अधिकार ठेवला, आणि मग सरकारनंच सभागृहात सांगितलं की, तांत्रिकदृष्ट्या शक्य होईपर्यंत तो वापरणार नाही. सगळीकडे वाद कुलपाभोवती फिरतोय, कारण कुलपाबद्दल बोलणं सोपं आहे.

राईनपाड्याबद्दल बोलणं अवघड आहे. अनोळखी माणसं गावात आली, भिक्षा मागू लागली, तर ती चोरच असणार हा समज व्हॉट्सअ‍ॅपनं तयार केलेला नाही. भटक्या जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवणारा कायदा १८७१मध्ये इंग्रज सरकारनं केला. तो १९५२मध्ये रद्द झाला, संशय उरला. त्या संशयाचा पहिला पाठवणारा शोधायचा असेल, तर तो सापडतो : तो सरकारी राजपत्रात आहे.

मी पाठवलेल्या त्या मेसेजचं काय? मी पहिला नव्हतो, हे माझं समाधान होऊ शकत नाही. ज्यांच्याकडून तो आला त्या काकूंना मी तेव्हा काही बोललो नाही, आणि सोसायटीच्या ग्रुपवरही ‘हे खोटं होतं’ असं कधी लिहिलं नाही. नुसता पुसला. कुठल्याही नियमानं मला ते लिहायला लावलं नसतं. पण ते लिहिलं असतं, तर निदान पन्नास घरांत ती अफवा थांबली असती.